पतंगांची चरबी मोजणाऱ्या बाई

मेलेला पतंग तळहातावर घेऊन बाई करंगळीच्या नखाने त्याचं पोट हलकेच दाबायच्या. मग म्हणायच्या, "खाऊनपिऊन होता." नाहीतर, "रिकामा."

दिव्याभोवती आलेले पतंग तुम्ही झटकून टाकता, मीही टाकायचो. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागलो, तेव्हा बाई तिथे सर्वांत ज्येष्ठ होत्या. पतंगांच्या पोटातली चरबी ऋतूप्रमाणे आणि वयाप्रमाणे कशी बदलते, हा त्यांचा विषय. एका रिक्षावाल्याला त्यांनी पतंगांचं काम करते एवढंच सांगितलं, तर तो म्हणाला, मग संक्रांतीला धंदा बरा होत असेल. "हो, मांज्याचे पैसे वेगळे पडतात," बाई म्हणाल्या.

सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनीच मला ती चरबी दाखवली. पिवळसर, मऊ, बारीक घोसांसारखी. पावसाळ्यात एरंडाची पानं भरपूर खाल्लेल्या अळ्यांचे पतंग गुटगुटीत निघत, उन्हाळ्यातले किडकिडीत. म्हातारे पतंग मात्र कुठल्याही ऋतूत सुकलेलेच असणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

पण प्रयोगशाळेत छोट्या पिंजऱ्यांत वाढवलेले म्हातारे पतंग भरलेलेच निघत राहिले. वयाने चरबी घटत नाही, असा शोधनिबंध बाईंनी लिहिला. तो स्वीकारला गेला, आम्ही पेढे खाल्ले. बाई मात्र पुन्हा पिंजऱ्यांपाशी जाऊन बसल्या. मग त्यांनी गच्चीवर खोलीएवढी जाळी बांधून घेतली आणि त्यात पतंग सोडले. तिथे उडणारे पतंग वय वाढेल तसे रिकामे होत गेले.

बाईंनी निबंध परत घेतला. विभागप्रमुख वैतागले. एखादं वाक्य बदलून छापू द्या, म्हणाले.

"आकडे बरोबर आहेत हो," बाई म्हणाल्या. "पण आपण पिंजऱ्यातलं म्हातारपण मोजलं."

वाईट नाही वाटलं का, असं मी नंतर विचारलं. "वाटलं ना. पण उडायचंच नसेल तर ते चरबी राखतात कशासाठी, हे बघायला हवं आता."

ते बघून व्हायच्या आत त्या निवृत्त झाल्या आणि हिंजवडीला मुलीकडे राहायला गेल्या. तिथे बाल्कनीतल्या कुंड्यांत त्यांनी एरंड लावला आणि त्यावर अळ्या सोडल्या. गेल्या दसऱ्याच्या सुमारास, थोड्याशा आजारपणानंतर, त्या गेल्या.

काही दिवसांनी मुलीचा फोन आला. अळ्यांनी पानं संपवली होती, आणि काय करायचं ते तिला कळत नव्हतं. मी कोथरूडहून पोचलो, तेव्हा तिने कंपनीची बस चुकवून रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेतून ओढणीभर पानं तोडून आणली होती. अळ्यांची तिला लहानपणापासून किळस. लांबूनच तिने एक पान कुंडीत ठेवलं आणि मागे सरकली.

थोड्या वेळाने पुढे वाकून म्हणाली, "काका, खाताना आवाज येतो यांचा?"

मीही कान जवळ नेला.