नाल्याकाठचे दोनशे बांबू

१९५५ सालच्या मार्च महिन्याची सहा तारीख, रविवार, सकाळ. वादातली रक्कम अठ्ठावीस रुपये. हजर चौघे: मी, माझी बायको, आमच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहणारे शाळेचे विज्ञानाचे मास्तर, आणि ज्याचे पैसे मी अडवून ठेवले होते तो धानोऱ्याकडचा बांबू तोडणारा. जागा गडचिरोलीतले माझे अंगण. अंगणात पाटावर शाळेचे पितळी सूक्ष्मदर्शक यंत्र ठेवले होते. ते घरी आणण्यासाठी मुख्याध्यापकांची लेखी चिठ्ठी मी मागवून घेतली होती, म्हणजे उद्या काही फुटले तर बोलाचाली नको.

पैसे अडवण्याचे कारण माझ्या डोक्यावरच होते. आदल्या वर्षीच्या सुरुवातीला मी घराचे छप्पर नव्याने घातले. कवेलूंखाली चारशे बांबू लागले. तोडणे, बैलबंडीने आणणे आणि गावाबाहेरच्या नाल्यात महिनाभर भिजवणे, या सगळ्याचे शेकड्याला दहा रुपये ठरले होते. बारा आगाऊ दिले. बाकी एक पावसाळा निघाल्यावर, ही अट माझी. पावसाळा निघाला आणि रांधणीवरच्या, म्हणजे स्वयंपाकघरावरच्या, बांबूंतून पिवळट भुगा गळू लागला. भातात भुगा, अंथरुणावर भुगा, पाण्याच्या घागरीत तरंगणारा भुगा. बांबूवर बोट दाबले तर बोट आत जाई. ओसरीवरचे बांबू मात्र ठणठणीत होते. तोडणारा एक, जंगल एक, आठवडाही एकच. मी ठरवले की अर्धे याने नाल्यात टाकलेच नाहीत.

हे मी घरात बोललो असतो तर निभावले असते. मी ते बाजारात बोललो. दोन घरवाल्यांनी त्याला सांगितलेले काम काढून घेतले. अठ्ठावीस रुपयांसाठी तो चार महिने माझ्या दारी आला नव्हता. काम गेल्यावर आला.

"पैसे ठेवा तुमच्यापाशी, भाऊ," तो फाटकातूनच म्हणाला होता. "पन बाजारात मले चोर काऊन म्हनता?"

"चोर नाही म्हटलं. न भिजवता बांबू दिले म्हटलं."

"आमच्याकडं दोन्ही एकच होते."

"भिजवले याचा पुरावा काय तुझ्यापाशी?"

"नाल्याले इचारा."

मास्तर खिडकीतून ऐकत होते. नागपूरचा माणूस, कोणी न विचारता बोलायची सवय. म्हणाले, "नाल्याला कशाला? बांबूलाच विचारता येईल." म्हणून हा रविवार.

आधी त्यांनी माझ्या बायकोकडे कांदा मागितला.

"जेवनाचं सामान जेवनाले राहू द्या, मास्तर," ती म्हणाली, पण कांदा दिला.

त्यांनी कांद्याच्या पाकळीचा आतला पातळ पापुद्रा काचेवर पसरला, त्यावर दवाखान्यातून आणलेल्या आयोडीनचा थेंब टाकला आणि आरसा उन्हाकडे वळवला. मी डोळा लावला. एकीला एक लागून लांबट चौकटी, विटांच्या भिंतीसारख्या. प्रत्येक चौकटीत एक पिवळसर ठिपका.

"एक चौकट म्हणजे एक पेशी," मास्तर सांगू लागले. "बाहेरून जाड भिंत. भिंतीच्या आत पातळ पडदा, तो कोणाला आत घ्यायचं कोणाला नाही ते ठरवतो. आत रस. तो ठिपका म्हणजे केंद्रक. पेशीचा कारभार त्याच्या हुकमाने चालतो."

"माझ्या छपराचा याच्याशी काय संबंध?"

"बांबूही पेशींचाच आहे. त्याच्या मऊ भागातल्या पेशी म्हणजे कोठ्या. पानं जे अन्न करतात ते पिठाच्या कणांसारखं तिथं साठतं. पावसाळ्यात नवे वास्ते, म्हणजे कोंब, फुटतात ते त्या साठ्यावर. बांबू तोडला की पेशी मरतात, पण कोठी भरलेलीच राहते. घुण, हा पोखरणारा किडा, येतो तो त्या पिठासाठी."

"आणि भिजवल्यावर?"

"पीठ आंबतं. पाण्यातले जंतू खाऊन टाकतात. भिंती उभ्या राहतात, कोठी रिकामी."

"म्हनून नाला सडका वास मारते," तोडणारा म्हणाला. "वास मारला का बांबू झाला. माह्या बापानं हेच सांगतलं होतं, दुर्बिनीबिगर."

मास्तर म्हणाले की पिठावर आयोडीन पडले की ते निळे-काळे होते. त्यांच्या म्हणण्यावर मी चालणार नव्हतो. भाताची पेज आणवली. तिचा थेंब निळा-काळा झाला. नुसत्या पाण्याचा झाला नाही. मग मी पुढे जाऊ दिले.

तुकडे मी स्वतः कापले, वळचणीबाहेर आलेल्या बुडख्यांतून. तीन रांधणीकडचे, तीन ओसरीकडचे. जिथे घुण पोचला नव्हता तो भाग निवडला. एक ते सहा आकड्यांच्या चिठ्ठ्या बांधल्या. कोणता कुठला हे फक्त माझ्या वहीत होते. तोडणाऱ्याला तुकड्यांना हात लावू दिला नाही.

"हात लावला तं पीठ भरते का त्यात?" त्याने विचारले.

मास्तरांनी दाढीच्या पात्याने पातळ चकत्या काढल्या. एक, तीन, सहा: चौकटी रिकाम्या, फिकट. दोन, चार, पाच: चौकटी काळ्या-निळ्या दाण्यांनी ठासून भरलेल्या, पोती रचावी तशा. मी सहाही पाहिल्या आणि वही उघडली. दोन, चार, पाच रांधणीचे.

"झालं," मी म्हणालो. "अर्धे भिजलेच नाहीत. विज्ञानानं सांगितलं."

"इज्ञान खरंच सांगून राह्यलं," तो म्हणाला. "आता तुकडा उलटा करा, भाऊ."

मी केला नाही. बायकोने केला. दोन नंबरच्या बुडख्यावर चाकूची तिरपी खाच होती. चारवर तीच. पाचवर तीच. एक, तीन आणि सहावर काही नव्हते.

"ही खाच तुमच्या हातची आहे," ती म्हणाली.

होती. बांबू पाण्यात पडून नववा दिवस होता तेव्हा मी मोजणी करायला नाल्यावर गेलो होतो. दोनशे बाहेर काढून, मोजल्याची खूण म्हणून खाच पाडून काठावर रचले. पाण्यात उरलेले मोजले तर बारा कमी. मी त्याला म्हणालो, बारा मिळेपर्यंत यातला एकही परत पाण्यात जाणार नाही. तो म्हणाला, दगडांखाली अडकले असतील. मी म्हणालो, विकले असशील. तो कुऱ्हाड खांद्यावर टाकून गावी निघून गेला. दोन दिवसांनी बारा बांबू दगडांखालीच सापडले. मी वहीत 'चारशे पूर्ण' असे लिहिले. काठावरचे दोनशे काठावरच राहिले. महिन्याने बंडीत आधी तेच भरले गेले आणि जिचे छप्पर आधी घातले त्या रांधणीवर तेच चढले.

हे मी विसरलो होतो असे लिहिणार नाही. पण नऊ दिवस भिजलेला बांबू मी भिजलेलाच धरला होता. महिनाभर भिजवणे ही मजुरी वाढवायची त्या लोकांची रीत, असे मला वाटे. म्हणजे भुगा पडतो ते बांबू त्याने मुळात टाकलेच नसणार, असा माझा हिशेब.

"तू निघून गेलास," मी म्हणालो. "परत टाकायचं काम तुझं होतं."

"तुमी म्हनले, एकबी जानार नाई. तुमच्या तोंडानं राह्यले ते काठावर."

मास्तर हसले. मी त्यांना यंत्र आवरायला सांगितले. पुढच्या महिन्यात त्यांनी खोली सोडली आणि मी थांबा म्हटले नाही.

"रोज दोनदा भुगा झाडते मी," बायको म्हणाली. "कोनाचा झाडून राह्यली, ते कळलं आज."

मी आत जाऊन पैसे आणले. त्याने हात पुढे केला नाही.

"इथी नोको. जिथी बोलले तिथी द्या."

पुढच्या बाजाराला मी गेलो. तो बायकोला घेऊन आला होता. काम काढून घेणाऱ्या त्या दोघांना बोलावले आणि सांगितले की दोनशे बांबू पाण्याबाहेर ठेवले ते मी, याने नाही. एकाने विचारले, मग काम यालाच द्यावे का? द्या, मी म्हणालो, पण मोजून घ्या. हे शेवटचे बोलायला नको होते, पण मी बोललो. तोडणाऱ्याने माझ्याकडे पाहिले आणि तोंड फिरवले. रांधणीसाठी नव्याने दोनशे बांबू हवेत, असा निरोप मी नंतर दोनदा पाठवला. तो आला नाही.

त्या दिवशी बाजारातही त्याने पैशाला हात लावला नाही. अठ्ठावीस रुपये मी त्या दोघांदेखत त्याच्या बायकोच्या हातावर ठेवले. तिने ते दोनदा मोजले.