एक प्रवेश कमी

जूनमधला शेवटचा शनिवार, सकाळी अकरा, प्राचार्यांचं दालन. हजर: प्राचार्य, एक सोडून सर्व विभागप्रमुख, ग्रंथपाल, कॉलेजच्या व्हॅनचे चालक, ज्यांना सगळे मामा म्हणतात, आणि कार्यालय अधीक्षक या नात्याने मी. राहिले वनस्पतिशास्त्राचे सर. ते आले नव्हते असं म्हणता येत नव्हतं. दालनाबाहेरच्या कुंडीपुढे उकिडवे बसून ते शोभेच्या झाडाशेजारी आपोआप उगवलेलं कसलंसं रोप निरखत होते. नोंद करणं माझं काम, म्हणून मी त्यांच्या नावापुढे ‘दारात हजर’ असं लिहिलं आणि बैठक सुरू झाली.

आमच्या या सरांइतका गैरसोयीचा खरा माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. खरं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण ती वेळ बघून बोलतात. सर झाड बघून बोलतात. सात रस्त्याच्या सिग्नलला त्यांची जुनी स्कूटर अडून राहिलेली दिसली तर समजावं, की समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर पाइपाच्या सांध्यातून पिंपळ फुटला आहे. दिवा हिरवा होतो, पुन्हा लाल होतो, मागचे रिक्षावाले दोन-तीन भाषांत त्यांचा उद्धार करतात आणि सर मान वर करून पिंपळाचं वय ठरवत असतात. एकदा त्यांच्या नेमकी मागे मीच होते. हॉर्न वाजवल्यावर त्यांनी वळून पाहिलं, ओळखीचं हसले आणि म्हणाले, “मॅडम, पिंपळ दोन वर्षांचा आहे. इमारत आणखी पाचएक वर्षं टिकेल.” ती इमारत आमच्या संस्थेच्या एका संचालकांची होती. पुढच्याच आठवड्यात एका समारंभात सरांनी हे वाक्य त्या संचालकांनाही ऐकवलं, तेही त्यांच्या सत्काराचा हार कोणत्या फुलांचा आहे हे सांगून झाल्यावर. नव्या पेठेत साडी घ्यायला त्यांच्या पत्नी आता एकट्याच जातात. ‘झाडापानांचा रंग आहे’ असं म्हणणाऱ्या दुकानदाराला सरांनी एकदा भर गर्दीत, अत्यंत सौम्यपणे, हा रंग कोणत्याही झाडातून निघत नाही असं समजावून सांगितलं होतं. दुकानात तेव्हा इतर चार गिऱ्हाइकं होती. ती सरांचे आभार मानून निघून गेली.

त्यांच्या विभागात एके काळी चार प्राध्यापक होते. एकामागून एक तिघे निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरायला परवानगी आली नाही आणि सर एकटेच उरले. पण नियमानुसार विभागाची बैठक दर महिन्याला व्हायला हवी आणि तिचं इतिवृत्त माझ्याकडे यायला हवं. इतर विभागांची इतिवृत्तं वर्षअखेरीला एका रात्रीत तयार होतात. सरांचं दर महिन्याला वेळेवर येतं, कारण ते खरोखरच बैठक घेतात. प्रयोगशाळेत बसून स्वतःपुढे विषय मांडतात, त्यावर विचार करतात आणि लिहितात. अध्यक्ष म्हणून सही त्यांची, सचिव म्हणून त्यांची, सदस्य म्हणूनही त्यांचीच. बहुतेक ठराव ‘सर्वानुमते मंजूर’ असतात. एकदा मात्र सहलीच्या ठरावापुढे लिहिलं होतं, ‘मतभेदामुळे पुढील बैठकीपर्यंत तहकूब.’ मी ते चुकून झालं असेल म्हणून त्यांना विचारलं. ते म्हणाले, “नाही मॅडम, दोन्ही बाजू मला पटत होत्या.”

बाहेरची तपासणी समिती यायची होती तेव्हा कॉलेजात रंगरंगोटी झाली, झाडांच्या बुंध्यांना गेरू फासला गेला आणि कोणी काय बोलायचं याची यादी मी सगळ्यांना वाटली. सरांच्या नावापुढे मी ‘नमस्कार करणे’ एवढंच ठेवलं होतं. त्यांनी नमस्कार केला. मग समितीतल्या एका वयस्कर बाईंनी सहज विचारलं की सूक्ष्मदर्शक चालतात ना. सर त्यांना टेबलाशी घेऊन गेले. “यातून दिसतं,” ते म्हणाले, “यातून दिसत नाही. आणि यातून जे दिसतं ती माझ्या आधीच्या विभागप्रमुखांची पापणी आहे, काच उघडून साफ करायला माणूस मिळत नाही.” बाई खळखळून हसल्या. प्राचार्य हसले नाहीत. नवे सूक्ष्मदर्शक आलेही नाहीत, कारण त्या वर्षीचा निधी रंगात गेला होता. सरांच्या पुढच्या इतिवृत्तात मात्र गेरूमुळे झाडाला अपाय होत नाही अशी नोंद होती. वाईटातलं चांगलंही ते प्रामाणिकपणे लिहितात.

तर त्या शनिवारच्या बैठकीचा विषय प्रवेश मोहीम हा होता. बारावीचा निकाल लागला की पूर्वी मुलं कॉलेजच्या फाटकाशी रांग लावायची. आता कॉलेजं मुलांच्या दाराशी जातात. ज्याला जमेल तो पुण्याला जातो, जो जात नाही तो स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसतो आणि आमच्याकडे फक्त नाव ठेवतो. त्यामुळे प्राध्यापक मंडळी जून-जुलैमध्ये गावोगाव फिरतात, पालकांच्या ओसरीवर चहा पितात आणि फॉर्म भरून आणतात. कोणी बॅग भेट देतं, कोणी एसटीच्या पासचं आश्वासन. प्राचार्यांनी प्रत्येक विषयाचं टार्गेट सांगितलं. वनस्पतिशास्त्र मुख्य विषय घेणारी वीस मुलं मिळाली तर प्रथम वर्ष चालेल, एकोणीस मिळाली तर यंदापासून बंद. व्यवस्थापनाने तसं लेखी दिलं होतं. सर तोवर आत येऊन बसले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, “आणि एकवीस झाली तर?” प्राचार्य म्हणाले, “सर, आधी वीस आणा.” सरांबरोबर व्हॅनमध्ये मी जायचं असं ठरलं, कारण त्यांना एकटं पाठवायला कोणीच तयार नव्हतं.

पहिला दिवस मोहोळला गेला. एका घरी मुलाला पोलीस भरतीची तयारी करायची होती. नावाला पदवी हवी म्हणून तो आमच्याकडे फॉर्म भरायला राजी होता. सरांनी त्याची धावण्याची वेळ विचारली, बुटांचे तळवे उलटे करून पाहिले आणि सांगितलं की वर्गात बसून त्याचा सराव बुडेल, त्यापेक्षा मुक्त विद्यापीठाची पदवी बरी. दुसऱ्या घरी वडिलांनी नोकरी लागेल का असं विचारलं. सरांनी आपल्या गेल्या काही वर्षांच्या विद्यार्थ्यांची सध्याची कामं एकेक करून सांगितली, मोबाइलच्या दुकानासकट. तिथून निघताना आणखी एका घरचा फोन आला, की आदल्या आठवड्यात कॉलेजात येऊन भरलेला फॉर्म ते मागे घेत आहेत, कारण शेजाऱ्यांकडून सरांचं म्हणणं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. प्रवेश मोहिमेवर जाऊन प्रवेश कमी करून आलेला प्राध्यापक आमच्या कॉलेजच्या इतिहासात तोवर झाला नव्हता. मामा परतताना म्हणाले, “मॅडम, उद्यापास्नं सरांना व्हॅनमधीच बसवू की. काच लावून घिऊ.” सर मागच्या सीटवर हसत होते.

दुसऱ्या दिवशी मी नियम ठरवला. बोलायचं मी, सरांनी फक्त हसायचं. त्यांनी तो मान्य केला आणि पाळलाही. पुढचे सगळे दौरे सर दारात उभे राहून हसले आणि आकडा चढत गेला. जुलै संपत आला तेव्हा यादीत एकोणीस नावं होती.

विसावं नाव मोहोळच्या पुढच्या एका वस्तीवर होतं. घरासमोर शेळ्या बांधलेल्या, मागे डाळिंबाची थोडी बाग. मुलीचं नाव सारिका. तिच्या वडिलांनी सगळं आधीच ठरवलं होतं. फॉर्म भरलेला, आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला शाळा सोडल्याचा मूळ दाखला. तो त्यांनी माझ्या हातात दिला. ज्याच्या हातात मूळ दाखला, त्याच्याकडे विद्यार्थी, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. मी तो फाइलमध्ये ठेवला आणि मनातल्या मनात वीसवर खूण केली. सर दाराशी हसत उभे होते. चहा आला. तेवढ्यात सारिकाने, सर वनस्पतिशास्त्राचे आहेत हे कळल्यावर, विचारलं.

“सर, बांधावर गाजरगवत आलं की त्येच्या बाजूचं गवत का मरतं? पाणी तर दोघास्नी सारखंच मिळतंय की.”

सर खाली बसले. मी त्यांच्याकडे पाहिलं. “मॅडम, मी हसतच बोलतोय,” असं मला सांगून ते तिला म्हणाले की गाजरगवताच्या मुळांतून आणि पानांतून काही द्रव्यं जमिनीत उतरतात, त्याने शेजारचं रुजत नाही. पण इथल्या मातीत ती किती उतरतात आणि कोणतं गवत त्यांना पुरून उरतं, ते त्यांना सांगता येणार नाही.

“मग कुणाला सांगता येईल?” तिने विचारलं.

“तुला. चार-पाच वर्षांनी,” सर म्हणाले. “पण माझ्याकडे शिकून नाही.”

मग तिने सीईटी दिली होती का ते त्यांनी विचारलं. मैत्रिणींबरोबर दिली होती, गुण चांगले होते. सरांनी सरकारी कृषी महाविद्यालयाचं नाव काढलं. तिथे तणांवर काम चालतं, तिथल्या प्रयोगशाळेत हे तपासता येतं, वसतिगृह आहे. सारिका वडिलांकडे बघत नव्हती, यावरून हा विषय त्या घरात आधीच निघालेला असावा असं मला वाटलं. वडिलांचा चेहरा बदलला होता.

“सर, लई लांब धाडायचं न्हाय बगा,” ते म्हणाले. “तुमचं बरं हाय. हितनं एसटीनं ये-जा करंल, तुमच्या नजरंखाली ऱ्हाईल.”

“माझ्या नजरेखाली राहील,” सर म्हणाले, “पण माझ्याकडे तिला दाखवायला काही नाही.”

“मग तुमी आलाय कशाला?”

“प्रवेश मागायला.”

मी मधला मार्ग सुचवला. कृषीची यादी लागेपर्यंत नाव आमच्याकडे असू द्यावं, नंबर लागला तर काढून घ्यावं. व्यवहार म्हणून यात काही गैर नव्हतं, सगळीकडे तसंच करतात. सरांनी नकारार्थी मान हलवली. दाखला एकदा कपाटात गेला की तो परत मिळेपर्यंत तिकडची मुदत जाते, हे त्यांनी तीन मुलांच्या बाबतीत पाहिलं होतं. त्यांनी माझ्या मांडीवरची फाइल उघडली, प्लास्टिकची पिशवी काढली आणि वडिलांच्या हातात परत दिली.

वडिलांनी ती उलटसुलट केली. “हिला न्हाय घेतलं तर तुमचं काय हुईल?” त्यांनी विचारलं.

“प्रथम वर्ष बंद होईल,” सर म्हणाले.

त्यानंतर ते दोघं बाग बघायला गेले आणि अर्ध्या तासाने परतले. काय बोलणं झालं मला माहीत नाही. निघताना वडील मला एवढंच म्हणाले, “मॅडम, सोताच्या तोट्याचं बोलतोय मानूस. बगतो तिला धाडायचं.” व्हॅन डांबरी रस्त्याला लागल्यावर मामांनी आरशातून सरांकडे पाहत म्हटलं, “सर, एक हुतं हातात, त्ये बी सोडून आलो म्हना की.” पुढे एका ओढ्यापाशी सरांनी गाडी थांबवायला लावली आणि एक रोप मुळासकट उपटून माझ्या फाइलमध्ये ठेवलं. जागा होतीच.

मुदतवाढ मिळत मिळत प्रवेशाचा शेवटचा दिवस आला. विसावं नाव आलं नाही. संध्याकाळी सर कार्यालयात आले. आकडा त्यांना माहीत होता, तो त्यांनी विचारला नाही. सारिकाचा तिकडे प्रवेश झाला का, एवढंच विचारलं. प्रवेश झाला असा तिच्या वडिलांचा सकाळीच फोन आला होता, तो निरोप मी सांगितला. “मग बरं,” ते म्हणाले. यंदा पहिलं वर्ष बंद, पुढच्या वर्षी दुसरं, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरं. सरांची निवृत्तीही तेव्हाच आहे. “विभाग आणि मी बरोबरच बाहेर पडू,” ते म्हणाले, “निरोप समारंभ एकच करा मॅडम. हारही एकच पुरेल.”

एकोणीस मुलांनी दुसरे विषय घेतले आणि नव्या वेळापत्रकात प्रथम वर्षाच्या वनस्पतिशास्त्राचे तास रिकामे झाले. ते इतर विषयांना वाटून द्या असं प्राचार्यांनी मला सांगितलं. त्यांतला सोमवारचा पहिला तास चांगल्या वेळेचा आहे, तीन विभागांनी तो मागितला आहे. परवाच्या सोमवारी सर त्या तासाला खडू घेऊन वर्गात गेल्याचं मी खिडकीतून पाहिलं. सवयीने गेले असावेत. थोड्या वेळाने ते माझ्या टेबलाशी आले, हातावरची खडूची भुकटी झटकली आणि म्हणाले, “मॅडम, फळा पुसून आलोय. वर्ग कोणालाही द्या.”

बाकीचे सगळे तास मी वाटून दिले आहेत. सोमवारचा तेवढा द्यायचा राहिला आहे.