घराचा पुरावा

साठच्या दशकातली दुबई. खाडीकाठच्या वाळूवर आम्ही कोकणातली माणसं खजुराच्या झावळ्यांच्या झोपड्यांत राहायचो. एक दिवस सरकारनं ती जमीन विकायला काढली. ज्याचं घर तिथं आधीपासून आहे, त्याला तेवढ्या जागेची किंमत माफ.

या माफीसाठी कचेरीसमोर लागलेल्या रांगेत माझ्यापुढे रत्नागिरीकडचा एक चाचा होता. नाव मी कधी विचारलं नाही. बोलण्याआधी टोपी काढून तिच्यात फुंकर मारायची त्याची सवय. अर्ज घेणारा कचेरीतला मुन्शी त्याला म्हणाला, "पहले घर का सबूत लाओ."

चाचा टोपीत फुंकर मारून निघून गेला. दुपारी होडी उचलावी तशी अख्खी झोपडी शेजाऱ्यांच्या खांद्यावर घेऊन आला. आतली कोंबडी झोपडीच्या चालीनं चालत होती. कचेरीसमोर झोपडी टेकवली, चपला बाहेर काढल्या, आत शिरला आणि दारातून म्हणाला, "हां, बोला."

मुन्शीनं कपाळाला हात लावला. "अरे चाचा, जमीन किधर है?"

चाचानं टोपीत फुंकर मारली.

"घर माझं, ते मी आणलं. जमीन सरकारची म्हणता ना? मग ती तुम्ही आणा."

मुन्शी इतका हसला की अख्ख्या रांगेला माफी मिळाली. आता तिथं टॉवर उभे आहेत. त्यांचा पुरावा कुणी मागू नये म्हणजे झालं.