लाल ठिपके

"जल्दी नको. मासा कुठे ऑफिसला जातोय?" असं म्हणत ते गळाची दोरी हवेत मागे न्यायचे आणि गंगेवर अलगद सोडायचे. आमच्या बँकेतले हे काका काशीत ब्रह्मा घाटावर राहायचे. पहाटे तिथे फिरला असाल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. दोरीच्या टोकाला गळ नसायचाच, लोकरीचा तुकडा असायचा. सराव हो, नुसता सराव! नावाडी विचारायचे, "का गुरु, केतना फँसल?" हे गंभीरपणे सांगायचे, "अभी बातचीत चल रही है."

खरा गळ निघायचा हिमाचलात. तिथे बदलीवर असताना त्यांना डोंगरी ओढ्यांतल्या ट्राउट माशांचं वेड लागलं. गळाला पिसं नि दोरा गुंडाळून खोटी माशी करायची, ती पाण्यावर उतरवायची. ट्राउट लागला की त्याच्या अंगावरचे लाल ठिपके डोळे भरून पाहायचे आणि त्याला सोडून द्यायचं. वेदपाठी घराण्यातला माणूस मासा खाणार थोडाच! घरच्यांना मात्र एवढंही पाप पुरेसं होतं.

मग काचबिंदू झाला. डॉक्टरांनी हात टेकले.

"एकदा ते ठिपके बघू दे, मग गेले डोळे तर जाऊ देत," ते म्हणाले. मी सोबत हिमाचलला निघालो.

ओढा ओळखू येत नव्हता. वर रस्त्याचं काम चाललेलं, सगळा राडारोडा पाण्यात. दोन दिवस कोरडे गेले. तिसऱ्या दिवशी, खूप वर चढून गेल्यावर, एका स्वच्छ डोहात पाणी हललं.

"आला बघ," काका कुजबुजले. माशी उतरू लागली. आणि मी काशीचा गाढव! मासा म्हटला की आमचा हात आपसूक खिशात जातो. घाटावर रोज टाकतो तशा कणकेच्या गोळ्या मी डोहात टाकल्या. डुबुक आवाज झाला आणि मासा गेला. अंधार पडेपर्यंत पाणी पुन्हा हललं नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. दोरी गुंडाळत त्यांनी एवढंच विचारलं, "तुला तरी दिसला ना रे? ठिपके होते?"

"होते, काका. लालभडक."

खरं तर मला लाटेखेरीज काही दिसलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात त्यांची नजर पूर्ण गेली. आल्यागेल्याला ते माझ्यापुढे बसवायचे. "इससे पूछिए, इसने देखा है." मग मी रंगवून सांगायचो. ते मान डोलवत ऐकायचे.

जाण्याच्या थोडे दिवस आधी त्यांनी मला एकट्याला विचारलं, "किती ठिपके होते रे?"

"नऊ."

"मागे सात म्हणाला होतास," ते म्हणाले, आणि माझा हात थोपटून कुशीवर वळले.