नळी साफ पाहिजे

भोक असलेली वस्तू हाती आली आणि आमच्या शिकलगार चाचांनी ती डोळ्याला लावून उजेडाकडे धरली नाही, असं कुणी सांगितलं तर त्याने चाचांना पाहिलेलंच नाही असं खुशाल समजावं. बासरी, हुक्क्याची नळी, पोकळ वेळू, त्यांना काहीही चालत असे. एका लग्नात त्यांनी ऐन मुहूर्तावर सनईवाल्याची सनई मागून घेतली, तिच्यातून आभाळाकडे पाहिलं आणि "याच्यात सालभराची थुकी साचली हाय" असं वधूपित्याला मोठ्याने सांगितलं. बिचारा सनईवाला त्यानंतर दिवसभर ओशाळून वाजवत होता. आमच्याकडे आले की ओट्यावर टेकायच्या आधी ते आईकडे चुलीची फुंकणी मागत. पाहत, मान हलवत आणि काडीला चिंधी गुंडाळून ती आतून पुसून देत. "भाभी, नळी साफ पाहिजे. मंग चूल असो का बंदूक." आई पदराआड हसे, आणि ते गेले की फुंकणी चिंचेने घासून, धुऊन मगच चुलीपाशी नेई. चाचा मुसलमान, आणि आई सोवळ्याओवळ्याची कडक. पण फुंकणी द्यायला तिने कधी नाही म्हटलं नाही.

चाचांचा पिढीजात धंदा हत्यारांना धार लावण्याचा आणि बंदुका दुरुस्त करण्याचा. शिसं त्यांना माणसासारखं वाटे. ते मऊ आहे, भोळं आहे, जिथे घासेल तिथे चिकटून बसतं, असं ते एखाद्या नात्यातल्या पोराबद्दल सांगावं तसं सांगत. कोरडी गोळी नळीतून गेली की अंगावरचं थोडं शिसं नळीतल्या पिळाच्या खाचांत सोडून जाते. दुसरी गोळी आणखी सोडते. तिसऱ्या-चौथ्या गोळीला नळी अशी बुजते की नेम धरावा आंब्यावर आणि लागावा जांभळाला. यावर त्यांचे उपाय तीन होते. गोळी घरात, म्हणजे तिच्या खणात, घट्ट बसेल अशीच ओतायची, बारूद जरुरीपुरतीच भरायची आणि गोळीवर मेणाचं मलम लावायचं. बारूद जास्त भरणाऱ्यांचा त्यांना भारी राग. "मिशी मोठी असली म्हणून कोनी जास्त जेवते काय?" असं ते एका जमादाराला त्याच्या मिशीकडे बघतच म्हणाले होते.

मलमाचं प्रकरण मात्र नाजूक होतं. सत्तावन्नच्या बंडाला फार वर्षं झाली नव्हती आणि गोळीला लावायच्या चरबीचं नाव काढलं की दोन्ही धर्मांची माणसं हात मागे घेत. गोरे लोक मेणात चरबी मिसळत. चाचांनी चरबी सोडली आणि ते निव्वळ मेणावर आणि तिळाच्या तेलावर आले. मेण त्यांना सेमाडोहच्या जंगलातले कोरकू लोक आणून देत. हिवाळ्यात तेल जास्त, उन्हाळ्यात मेण जास्त. हे प्रमाण ठरवायला त्यांनी किती वर्षं घालवली कोण जाणे. मलमाचे गोळे आपल्या घरच्या ओट्यावर उन्हात मांडून ते शेजारी बसून राहत. कुठला आधी वितळतो ते बघायचं होतं. चाची घरातून ओरडत, "गोळे वितळत नाहीत, तुमीच वितळून राहिले!"

तेव्हा तिकडे अमेरिकेत लढाई लागली होती, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला होता आणि इकडे आमच्या काळ्या रानातला कापूस सोन्याच्या भावाने चालला होता. कुणी चांदीचे तोडे घातलेले बैल मिरवत होतं, कुणी गाडीच्या चाकांना चांदीच्या पट्ट्या ठोकत होतं. आगगाडी अजून अमरावतीला आली नव्हती. कापूस बैलगाड्यांवरून मूर्तिजापूरच्या वाटेने अकोल्याकडे जाई, आणि वाटेत लुटारू टपलेले असत. आमचा कापूस घेणाऱ्या गोऱ्या साहेबाने गाड्यांच्या राखणीसाठी परवान्यासह एक जबर सहाबारी पिस्तूल दिलं. ते कंबरेला लावून जायचं होतं माझ्या धाकट्या भावाला, सखारामला. त्याचं लग्न होऊन दोन महिने झाले होते. आईने त्या पिस्तुलाकडे पाहिलं आणि देवापुढच्या निरांजनात तूप वाढवलं.

चाचांनी गोळ्या ओतल्या, पिस्तूल भरलं, सहाही घरांवर मलम थापलं आणि आदल्या दिवशी आमच्याकडे पोचतं केलं. सकाळी गाड्या जुंपून तयार होत्या. चैत्राचं ऊन आठ वाजताच चटके देत होतं. बाबा घाई करत होते आणि सखाराम बायकोकडे न बघण्याचा खटाटोप करत होता. तेवढ्यात चाचा "शेवटचं एकदा पाहतो" म्हणत आले. पाहतात तो आमची मांजर सखारामच्या पायात घोटाळते आहे आणि पिस्तुलाची चामडी पिशवी चाटते आहे. चाचांनी पिस्तूल बाहेर काढलं. त्यातून एक थेंब त्यांच्या बोटांवर पडला. त्यांनी तो हुंगला.

"हे तूप कोनं भरलं?"

दाराआडून आईचा आवाज आला, "तुमचं मलम पुसून काढलं अन् म्या भरलं. तुमच्या मलमात काय हाय, मले काय माहीत? पोरगं इतक्या लांब चाललं. चरबीचा बाट घेऊन काहून जाईल? गाईचं तूप हाय, देवाच्या निरांजनातलं."

"आता सोडा हो चाचा," बाबा म्हणाले. "एका दिसानं भाव पडला तं?"

चाचा कुणावर ओरडले नाहीत. ते पिस्तूल घेऊन समोरच्या नाल्यावर गेले, आणि एका फुटक्या मडक्यावर सहाही बार काढले. दोन नुसते फुस झाले. तूप पाघळून बारुदीत उतरलं होतं. पहिली गोळी मडक्याला लागली, पुढच्या तिन्ही कुठे गेल्या ते नाल्यालाच ठाऊक. मग चाचांनी नळी सोडवली, आमच्या अंगणात आले आणि ती दाराच्या दिशेने पुढे केली.

"भाभी, तुमीच पाहा."

आईने पदर सावरला, बाहेर आली आणि नळी डोळ्याला लावली. "हे चांदीवानी काय चमकून राहिलं?"

"शिसं. तूप वाहून गेलं, गोळ्या कोरड्या राहिल्या. आता हे पोरगं निशाना धरंल एकीकडं अन् गोळी जाईन दुसरीकडं."

आईने नळी परत दिली आणि ती उंबऱ्याच्या आत जाऊन बसली. चाचा उंबऱ्याच्या बाहेर, तिच्यासमोर बसले. कमरेच्या कापडातून त्यांनी सेमाडोहच्या मेणाची ढेप काढली आणि मध्ये ठेवली.

"तुमी बनवा," ते म्हणाले. "तुमची चूल, तुमचं भांडं, तुमच्या घानीचं तेल. मी हात नाई लावत. इथून फकस्त सांगतो."

बाबांनी बैल सोडायला सांगितले. दुपारपर्यंत आई चुलीपाशी आणि चाचा उंबऱ्याबाहेर. "थोडं तेल. बस. आता हलवा. नखानं दाबून पाहा. नख रुतते? मंग अजून मेण." तोवर सखारामने ऊन पाण्याने नळी घासली. चाचांनी ती तीनदा परत धुवायला लावली. मग त्यांनी पिस्तूल नव्याने भरलं, आणि उन्हं कलल्यावर गाड्या निघाल्या. आईने ते मलम स्वतःच्या हाताने सहाही घरांवर लावलं होतं.

पुढचे आठ दिवस चाचा आमच्या ओट्यावरून हलले नाहीत. आणि त्या आठ दिवसांत त्यांनी एकदाही फुंकणी मागितली नाही. त्याची मला धास्ती वाटली होती.

नवव्या दिवशी सखाराम परत आला. मूर्तिजापूरच्या अलीकडे दहा-बारा जणांनी गाड्या अडवल्या होत्या. त्याने डोक्यांवरून चार बार काढले, पाचवी गोळी पुढाऱ्याच्या हातातल्या भाल्याच्या दांडीत बसली, तशी सगळी टोळी पळाली. हे तो अंगणभर नाचून सांगत होता, आई त्याच्या तोंडावरून हात फिरवत होती. चाचांनी मात्र काही ऐकलं नाही. त्यांनी पिस्तुलाची नळी सोडवली, उजेडाकडे धरली आणि बराच वेळ पाहत राहिले.

"पाच बारानंतर बी साफ," ते म्हणाले, आणि रडू लागले.

त्या दिवशी पहिल्यांदा आम्हाला कळलं की त्यांना एक थोरला भाऊ होता. कुणा सरदाराकडे चाकरीला. एकदा घाईत होता, आणि सोळा-सतरा वर्षांच्या चाचांनी त्याची बंदूक न पाहताच हातात दिली. नळी बुजली होती. बार आतच फुटला. "त्यानं मले इचारलं होतं, पाहिली काय रे? मी हो म्हनलो."

लढाई संपली, कापसाचा भाव कोसळला, चाकांवरची चांदी मोडीत गेली. साहेबाने पिस्तूल परत नेलं. चाचा पुन्हा विळ्यांना धार लावू लागले, आणि येता-जाता फुंकणी मागू लागले. आईने मात्र त्या दिवसापासून ती त्यांच्यामागे चिंचेने घासणं सोडून दिलं होतं.

चाचा गेल्याची बातमी आली तेव्हा आई स्वयंपाक करत होती. तिने चूल विझवली. फुंकणी घेतली, काडीला चिंधी गुंडाळून आतून पुसली आणि अंगणात येऊन उजेडाकडे धरली. मग माझ्या हातात दिली.

"पाह्य रे," ती म्हणाली. "मले काही दिसून नाई राहिलं. साफ हाय ना?"

मी डोळ्याला लावली. मलाही काही दिसत नव्हतं. तरी हो म्हणण्याआधी मी डोळे पुसले आणि पुन्हा नीट पाहिलं.