सुईची कडी

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या बाईंनी पन्नाशीत मोटरसायकल घेतली, तेव्हा गल्लीला वाटलं, चार दिवसांची हौस असेल. हौस सहा वर्षं टिकली. गणवेशांची घाई सरली की बाई शिवणयंत्रावर झाकण घालत, गाडीला पिशव्या बांधत आणि नकाशात रस्त्याची रेघ जिथे बारीक होत जाते, तिकडे एकट्याच निघत.

इकडे थोरल्या भावाचा जीव टांगणीला. यंदा दादांनी शब्दच घेतला होता, ही शेवटची खेप. परत आली की गाडी विकायची. गिऱ्हाईकही त्यांनीच शोधलं होतं, कोपऱ्यावरचा चष्मेवाला. बाईंनी मान डोलावली खरी, पण त्या दिवशी एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

दादांचा जन्म कारखान्यात हत्यारांची कोठी सांभाळण्यात गेला. घरातही भिंतीवर हातोडी, पक्कड, कात्री, सगळ्यांच्या आकृत्या रंगवलेल्या. वस्तू जागेवर नसली की ती रिकामी आकृती पाहून त्यांना घास जात नसे. एकदा शेजाऱ्याची शिडी त्यांनी इतक्या तातडीने परत केली, की बल्ब लावायचाच राहिला.

ठरल्या दिवशी बाई परतल्या. अंगावर धूळ, नाक सोललेलं. चष्मेवाला आधीच येऊन बसला होता. दादांनी हात पुढे केला, "चावी."

बाईंनी खिशात हात घातला आणि टेबलावर चावीसोबत स्क्रू असलेली एक चिमुकली लोखंडी कडी पडली.

"हे काय?"

"शिवणयंत्रात सुई धरून ठेवणारी कडी. माझी नाही ती."

"मग कुणाची?" दादांचा आवाज लगेच बदलला.

खिंडीपलीकडच्या माळावर क्लचची वायर टोकाशी तुटली होती. जादाची वायर बाईंनी आदल्याच दिवशी एका दूधवाल्याला देऊन टाकली होती. गाडी ढकलत त्या चार घरांच्या वस्तीवर पोचल्या. तिथे एक आजी नातीचा झगा शिवत बसल्या होत्या. त्यांच्या यंत्राकडे पाहताच बाईंचे डोळे चमकले. वायरचं टोक आवळून धरायला कडी हवी होती, आणि ती तिथेच होती! आजींनी दोनदा झग्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि स्क्रू सैल केला.

"पहिल्या मोठ्या गावात नवी वायर मिळाली," बाई म्हणाल्या, "पण तोवर दोन दिवसांची वाट मागे पडली होती. आणि तुम्हाला आजचा शब्द दिलेला."

"म्हणजे त्या आजींचं यंत्र..."

"बंद. झग्याला एकच बाही आहे."

दादा उठले, बसले, पुन्हा उठले. "पोस्टाने पाठव!"

"पोस्टमन खिंडीच्या अलीकडूनच मागे फिरतो."

"अहो, मी चाचणीसाठी एक चक्कर मारू का?" चष्मेवाल्याने चावीकडे हात नेला. दादांनी चावी झटक्यात उचलली.

"थांबा हो! इथे एका माणसाची वस्तू इतके दिवस आपल्याकडे पडलीय आणि तुम्हाला चकरा सुचतायत!"

"पण आपलं ठरलं होतं..."

"ठरलंय ते ठरलंय. ही कडी तिच्या जागी गेल्यावर बघू." आणि बहिणीकडे वळून, "तू अजून उभी का? निदान उद्या सकाळी तरी नीघ. आणि वायरी दोन ने. दूधवाले सगळीकडे असतात."

चष्मेवाला पुटपुटत गेला. बाईंनी हसू गालातच दाबलं.

दुसऱ्या दिवशी पिशव्या बांधून झाल्यावर वहिनी खाऊचा स्टीलचा डबा घेऊन फाटकापाशी आल्या. दादा खिडकीत उभे होते, म्हणून त्या हळूच म्हणाल्या, "आजींच्या नातीला द्या. आणि वन्सं, डबा माझा आवडता आहे हं. तिथेच विसरून या."