हात धरला

पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडं एक लहानसं गाव आहे. तिथं सगुणाबाई पंचायतीची मेंबर होती. कायद्यानं बाई हवी म्हणून सरपंचानं एक विधवा, कमी बोलणारी बाई शोधली आणि दाराशी बसवली. चहा आला की तिलाही मिळायचा, मत मात्र कुणी विचारायचं नाही. सरपंच तसा हुशार, पण कमी बोलणारी बाई सगळं ऐकत असते, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात गावाजवळ सरकारी विहिरीचं काम निघालं. एका दुपारी गावातल्या कारभारी नावाच्या शेतकऱ्याची भावजय, घरातली नवी सून कौसल्या, पाणी आणायला पायऱ्यांनी विहिरीत उतरली. खाली बुद्धवाड्यातला मच्छिंद्र गाळ काढत होता. कौसल्या रिकाम्या हातानं वर आली. बांगड्या फुटलेल्या, मनगट काळंनिळं. कारभारीनं विचारलं तेव्हा "मच्छिंद्रनं हात धरला" एवढंच ती बोलली आणि चक्कर येऊन पडली.

आता 'हात धरला' म्हटल्यावर आमच्याकडं पुढचं कुणी विचारत नाही, सगळ्यांना सगळं कळतं. त्यात हात धरणारा बुद्धवाड्यातला, मग तर बोलायलाच नको. सासूनं सुनेला माजघरात कोंडलं. शुद्धीवर येऊन ती काही सांगू लागली, की सासू म्हणायची, गप बस, अजून किती शोभा करतीस. अब्रू झाकायच्या नादात त्या माउलीनं सुनेचं तोंडच झाकलं.

इकडं मच्छिंद्रला पारावर लिंबाला बांधलं. ती घसरली होती, असं तो जीव तोडून सांगत होता, पण ऐकतो कोण? त्याची आई द्वारकाबाई सगळ्यांच्या पाया पडून थकली. याला आधी बडवायचा, मग भोकरदनच्या ठाण्यात द्यायचा आणि सुनेला कायमची माहेरी धाडायची, असं शहाण्या माणसांनी ठरवूनही टाकलं.

तेव्हा सगुणाबाई उठली. मच्छिंद्रवर तिची काही माया नव्हती, उलट तो तिला उद्धटच वाटायचा. त्यानं केलंही असेल, असं तिच्या मनात येत होतं. पण नक्की काय घडलं, हे ठाऊक नव्हतं, आणि ते तिच्या जिवाला खात होतं.

"जिचा हात धरला, तिला कुणी विचारलं का?" ती म्हणाली.

असलं विचारायचं नसतं, सरपंच म्हणाला.

"मंग मी विचारते. तवर त्याच्या अंगाला कुणी हात लावायचा न्हाई. त्यानं केलं असंल, तर ठाण्याला मीच संगं येईन."

कारभारीच्या घरी जाऊन तिनं आधी सासूला बाहेर काढलं. कौसल्याला पाणी पाजलं. त्यानं काय केलं, असं तिनं विचारलं नाही. "काय झालं?" एवढंच विचारलं, आणि तू सांगशील ते जसंच्या तसं पारावर सांगेन, असा शब्द दिला.

कौसल्याचा बांध फुटला. "पायरी सुटली, बाई. मी खाली चालल्ते. त्यानं हात धरला म्हणून वाचले. कवापासून सांगून राह्यले, कुणी ऐकतच न्हाई."

सगुणाबाईच्या छातीवरचा धोंडाच उतरला. ती चक्क हसली आणि मग तिनं डोळे पुसले. कौसल्या स्वतः पारावर आली आणि सगळ्यांदेखत बोलली. साप साप म्हणून भुई धोपटायला निघालेले माना खाली घालून बसले. कारभारीनंच दोर सोडला. मच्छिंद्र कुणाशी न बोलता आईला घेऊन निघून गेला, आणि त्याचं बराबरच होतं. कौसल्या सासरीच नांदली.

वर्षभरानं दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या कांताबाईनं, हात धरला म्हणून तिथल्या मुकादमाचं नाव घेतलं. हिचाही पाय घसरला असेल, म्हणून पारावर हशा पिकला. सगुणाबाई हसली नाही. तिनं कांताबाईलाही "काय झालं?" एवढंच विचारलं, मुकादमाचंही ऐकून घेतलं, शेजारी खडी फोडणाऱ्या बायांनाही विचारलं. या वेळी पाय कुणाचा घसरला नव्हता. सगुणाबाई ठाण्याला संगं गेली आणि मुकादम गजाआड झाला.

पहिल्यांदा सगुणाबाईकडं यायला निघालेली कांताबाई भीतीनं अर्ध्या वाटेतून परत फिरली होती. तिचा हात धरून तिला सगुणाबाईच्या दारी आणलं, ते कौसल्यानं.